बाटलीतली ढोरं

सणवार असो, रविवार असो, घरात पंगत बसलेली असो, वेळ झाली की माझी सून हात धुऊन उठायची, तोंडाला ओढणी बांधायची आणि ओट्यावरून हाक द्यायची, "आई, ढोरांना चारा घालून येते." स्कूटी सुरू व्हायची आणि ही गेलीच. आमच्या असोद्याच्या गोठ्यात तेव्हा एकच म्हैस होती, आणि तिचं चारापाणी, शेणघाण सगळं माझ्याकडे. सुनेची ढोरं होती जळगावला, प्रयोगशाळेत, बाटल्यांमध्ये.

पहिलं वर्षभर गल्लीला हे काही उमगेना. समोरच्या घरात मोठ्या अक्का राहतात, नात्यानं माझी चुलत जाऊ. त्या दारातूनच विचारायच्या, "काय व, तुझी सून कुठी चालली?"

"ढोरांना चारा घालायला."

"घरच्या म्हशीचं शेण काढत नाही अन् परक्याची ढोरं वळती! पगार तरी देतात का?"

मी हे सूनबाईला सांगितलं तर ती पोट धरून हसली. म्हणाली, "अक्कांना म्हणावं, माझीही ढोरं घाण करतात, आणि ती मीच काढते." गावात तिचं नाव पडलं ते ढोरंवाली. लग्नात ठेवलेलं नाव कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. किराणावाला पोत्यावर लिहायचा, ढोरंवालीकडे द्यावे.

तिचं माहेर धुळ्याचं. आई लहानपणीच गेलेली, वडिलांनी वाढवलेली. फोनवर वडिलांशी ती अहिराणीत बोले. "बठ्ठं बरं शे, नाना," म्हणजे सगळं बरं आहे, एवढं ऐकलं की माझा मुलगा नितीन इकडून "शे शे शे" करत तिची नक्कल करायचा आणि ती त्याला लाटणं दाखवायची. माझ्याशी मात्र ती अगदी पुस्तकातल्यासारखं बोलायची. मी एकदा म्हटलं, "अगं, माझ्याशी बोल की तुझं धुळ्याचं. मला कळतं." तर म्हणाली, "ते माझ्या मायचं बोलणं आहे, आई. नाना सोडले तर जिभेवर येतच नाही दुसरीकडे." मला थोडं लागलं. पण खरं बोलली म्हणून आवडलंही.

मी शिकलेली सातवी, मालक नितीनच्या लहानपणीच गेलेले. पुढचं वाचनालयानं आणि रद्दीतल्या पेपरांनी शिकवलं. त्यामुळे मला एक खोड लागलेली आहे, कुणी काही सांगितलं की त्याचा तळ लागेस्तोवर मी सोडत नाही. बाटलीत ढोरं म्हणजे काय, हे मी तिला मांडे करताना विचारलं. मी चुलीवरच्या खापरापुढे बसलेली, ती मला पुरण भरून देत होती.

ती म्हणाली, "आई, रक्तात पांढऱ्या पेशी असतात ना, त्यांतली एक जात म्हणजे बी पेशी. कोरोनात पेपरात अँटीबॉडी अँटीबॉडी यायचं, ते रोगाशी लढायचं हत्यार ही पेशी बनवते."

"मग बाकीच्या पेशींना नाही येत बनवता?"

"गाठोडं सगळ्यांकडे एकच आहे. जनुकांचं. पण आता बघा, तुमच्या सगळ्या जावांना मांडे येतात की नाही?"

"अक्कांना येत नाहीत," मी म्हटलं. "नुसत्या सांगतात."

"बरं, अक्का सोडून. येतात सगळ्यांना, पण खापरापुढे बसता तुम्ही. बाकीच्यांनी ती विद्या घडी घालून ट्रंकेच्या तळाशी ठेवलीय. लिव्हरची पेशी अँटीबॉडीचं जनुक असंच घट्ट घडी करून ठेवते. बी पेशी ते उघडून बसते. कुठलं जनुक कधी उघडायचं, कधी मिटायचं, आणि कुणाच्या सांगण्यावरून, एवढाच माझा अभ्यास."

मांडा खापरावर जरा जास्तच भाजला त्या दिवशी. पण मला कळलं. मी तो भाजका मांडा अक्कांकडे पाठवला.

आता माझी एक सवय सांगते, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. उघडी विळी मला बघवत नाही. चिरून झालं की पातं आडवं पाडून विळी मिटलीच पाहिजे, मग घर पेटलेलं का असेना. एकदा सूनबाई गिलके चिरता चिरता फोन घ्यायला उठली आणि विळी तशीच उभी ठेवून गेली. मी केवढ्यानं ओरडले. "चिरायला बसता सगळ्या, मिटायला कुणी नाही! पाय पडला म्हणजे?"

दुसरी एखादी फुगून बसली असती. ही परत आली, विळी मिटली आणि तिच्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "आई, मला वर्षानुवर्षं जे कुणाला समजावता येत नव्हतं, ते तुम्ही एका वाक्यात सांगितलंत."

मग तिनं सांगितलं ते असं. रोग आला की बी पेशीतलं एक जनुक उघडतं आणि पेशीच्या हाती जणू विळी येते. त्या विळीनं ती स्वतःचंच लिखाण कापते, बदलते, पुन्हा जोडते, हत्याराला अधिक धार यावी म्हणून. मोठं धाडसाचं काम आहे ते. जो तुकडा कापून टाकला तो गेला, पुन्हा मिळत नाही. पण काम झालं की विळी मिटायला हवी. उघडी राहिली तर नको तिथं कापत सुटते, आणि तिथून रक्ताचा कॅन्सर सुरू होऊ शकतो. "उघडतं कोण, ते पुष्कळांनी शोधलंय," ती म्हणाली. "मिटतं कोण, ते मी बघतेय."

हे वाक्य पुढे तिच्या तोंडात बसलं. नळ ठिबकत राहिला, दिवा चालू राहिला, नितीन वर्तमानपत्र पसरून उठला, की ही म्हणायची, "उघडणारे पुष्कळ. मिटतं कोण?"

एकदा ती मला ढोरं दाखवायला घेऊन गेली. चपला बाहेर, डोक्याला टोपी, अंगात पांढरा डगला. एका गरम कपाटात चपट्या बाटल्या आडव्या निजवलेल्या, आणि आत गुलाबाच्या सरबतासारखं पाणी. हाच चारा. तिनं दुर्बिणीखाली बाटली धरली आणि मी डोळा लावला, तर भिजवलेल्या साबुदाण्यासारखे गोल दाणे, काही एकेकटे, काही घोळक्यानं. मी म्हटलं, "जित्या आहेत?" ती म्हणाली, "तुमच्या म्हशीइतक्या. गुलाबी पाणी म्हणजे खुशाल. पाणी पिवळं पडलं की समजायचं, उपाशी आहेत, आपल्याच घाणीत बसल्यात. फार वेळ पिवळं राहिलं तर संपलं."

एक बाटली तिनं वेगळ्या फळीवर ठेवलेली होती. त्या पेशींतलं एक जनुक तिनं मुद्दाम मोडलं होतं. विळी मिटणारं तेच असावं, असा तिचा संशय. एकाच पेशीपासून ते सगळं खिल्लार वाढवलं होतं तिनं, आणि त्यात वर्ष गेलं होतं. बाटली हातात धरताना तिचा चेहरा असा झाला की मी न राहवून डोळ्यातलं काजळ बोटावर घेतलं. म्हटलं, "लावू का गं तीट?" मला वाटलं, रागावेल. आजूबाजूच्या शिकलेल्या पोरी बघत होत्या. ती म्हणाली, "बाहेरून लावा." त्यानंतर बाटली बदलली की ती नव्या बाटलीवर शाईनं एक काळा ठिपका द्यायची आणि घरी येऊन मला सांगायची, "तीट लावलीय हो."

नितीनचं मी फार लिहिणार नाही. केळीचा माल पाहून संध्याकाळी मोटारसायकलवर घरी येत होता. रस्त्यात ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती, मागे दिवा नव्हता. एवढंच.

दारावर माणसं येऊ लागली. आमच्याकडे दुःखाच्या घरी भेटायला येतात त्याला दारावर येणं म्हणतात. बाया येत, गळ्यात पडत, रडत, मी रडे. सूनबाई रडली नाही. भिंतीला टेकून बसलेली, समोर बघणारी. पाणी दिलं तर पिई, घास दिला तर गिळे. बाया आपसांत कुजबुजू लागल्या. अक्का मला म्हणाल्या, "तिला रडव काहीतरी करून. नाहीतर ऊर फुटेल पोरीचा. अन् लोकंही बोलतात." मी काय रडवणार? माझंच मला आवरत नव्हतं. एवढं मात्र माझ्या नजरेत आलं की ती अधूनमधून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते आणि मान खाली घालते.

पाचव्या दिवशी सकाळी मी म्हशीपुढे कडबा टाकत होते, आणि हातातली पेंढी तशीच राहिली. मी आत गेले. तिच्याजवळ बसून हळूच विचारलं, "तुझ्या ढोरांना चारा कोण घालतंय?"

तिनं घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाली, "कुणी नाही."

"बरोबरच्या पोरी?"

"एक बोदवडला गेलीय, बहिणीच्या लग्नाला. दुसरीनं हात लावला नसेल. मला विचारल्याशिवाय माझ्या फळीला कुणी हात लावत नाही. आणि ह्या दिवसांत मला कसं विचारणार?" कुणाचं काही चुकलं नव्हतं. सगळी चांगली माणसं. चांगुलपणानंच कुणी फोन केला नव्हता.

"ऊठ," मी म्हटलं. "गाडी काढ."

अक्का दारात आडव्या झाल्या. "अगं, डोकं फिरलं का तुझं? दहावा व्हायचाय. सुतकात सून उंबरा ओलांडती? कुंकू पुसून पाच दिवस झाले नाहीत."

"अक्का, माझी म्हैस सुतक पाळते का?"

"आता म्हशीचं काय मधी?"

"तिला मी रोज चारा घातला की नाही? तुम्हीच म्हणालात ना पहिल्या दिवशी, मुक्या जिवाला उपाशी ठेवू नको म्हणून? तुम्हीच पाण्याची बादली ठेवलीत तिच्यापुढे. मग हिचीही ढोरंच आहेत. बाटलीत असली म्हणून काय झालं?"

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि बाजूला झाल्या. एवढंच म्हणाल्या, "एकटी नको पाठवू. तू जा संगती."

तशी मी तिच्या मागे स्कूटीवर बसले. दोघी सुतकातल्या, पांढऱ्या कपाळाच्या, जळगावच्या रस्त्यानं. लोक वळून बघत होते. बघोत. तो रस्ताही तोच होता. त्या जागेवरून जाताना तिनं गाडी हळू केली नाही, आणि मी डोळे मिटून तिच्या पाठीला कपाळ टेकलं.

कपाट उघडलं तेव्हा मी तिच्या खांद्यावरून बघत होते. वरच्या फळीवर काळा ठिपका दिसला, माझी तीट. आणि त्याच्या आतलं पाणी पिवळं होतं. हळदीच्या पाण्यासारखं. तिनं दुर्बिणीला डोळा लावला. मी लावला नाही. मला दाखव, असं म्हणवेनाच. पुष्कळ वेळ ती तशीच वाकून राहिली, कुठे एखादा दाणा तरी गोल दिसतोय का, ते शोधत. मग सरळ झाली. म्हणाली, "पुढच्या आठवड्यात थोड्या गोठवून ठेवणार होते." मेलेल्या पेशी तशाच टाकायच्या नसतात, त्यांच्यावर औषध ओतावं लागतं. ते तिनं नीट मोजून ओतलं, झाकण लावलं, हात धुतले, डगला खुंटीला लावला. दिवा बंद केला.

परत येताना केळीच्या एका मळ्यापाशी तिनं गाडी थांबवली, स्टँडला लावली, आणि पाटाच्या काठावर मटकन खाली बसली. मी जवळ गेले तर तिनं माझ्या कमरेला मिठी घातली आणि जो हंबरडा फोडला, तो अजून माझ्या कानात आहे.

"बठ्ठा मरी ग्यात व माय! बठ्ठा मरी ग्यात!"

शुद्ध बोलणं गळून पडलं होतं. आई नाही, माय. मी तिचं डोकं पोटाशी धरून उभी राहिले. पाण्याचा आवाज येत होता. कुणासाठी रडत होती ते तिला मी विचारलं नाही आणि स्वतःलाही विचारलं नाही. मला तर वाटतं, नितीन त्या दिवशी गेला तिच्यासाठी. तोवर तो नुसता घरी आला नव्हता.

घरी पोचलो तेव्हा बाया बसलेल्याच होत्या. तिचे सुजलेले डोळे बघून एकमेकींना खुणावलं त्यांनी. "रडली एकदाची." त्यांचंही समाधान झालं.

पुढे तिनं ते सगळं पहिल्यापासून केलं. पुन्हा एक पेशी, पुन्हा वर्ष, पुन्हा तीट. घरात आम्ही दोघीच. ती माझ्याशी आता मधूनमधून अहिराणीत बोलायची आणि नक्कल करायला कुणी नव्हतं. एका दुपारी ती अवेळी घरी आली, विळीवर बसलेल्या माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "सापडनं, माय. मिटणारं सापडनं." विळी मिटणारं एकच नसतं म्हणे, पुष्कळ असतात, त्यातलं एक तिला सापडलं होतं. मोठमोठ्या लोकांनी ते वाचलं. मग एका थंड देशातून बोलावणं आलं, तिकडेच राहून काम करायचं.

ती जाईना. "तुम्हाला म्हशीबरोबर एकटं टाकून? नाही." मी चार महिने तिच्या मागे लागले. नानांना धुळ्याहून बोलावून घेतलं. शेवटी मी म्हटलं, "माझी सून म्हणून नाही जायचं तुला, माझी लेक म्हणून जा. सुनेला सासर सोडता येत नाही, लेकीला सोडावंच लागतं. आखाजीला येत जा." आमच्या खानदेशात लेक दिवाळीला एकवेळ नाही आली तरी चालतं, पण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी येतेच. झोके बांधले जातात, गौराई बसते, गाणी होतात.

निघायच्या दिवशी मी तिची ओटी भरली. विधवेनं विधवेची ओटी भरली म्हणून कुणी नाव ठेवतील असं वाटलं होतं, तर नारळ अक्कांनीच आणून दिला. स्टेशनावर गाडी हलली तेव्हा ती दारात उभी राहून ओरडली, "विळी मिटा!" आजूबाजूची माणसं बघायला लागली, ही काय निरोपाची रीत. मी पदर तोंडाला लावून हसले. हसलेच मी, खरं सांगते. रडले ते घरी येऊन म्हशीपाशी.

दोन आखाज्या ती आली. दारच्या निंबाला मी झोका बांधला. पण आखाजी नुसती लेकींची नसते. त्याच दिवशी गेलेल्यांच्या नावानं नवी घागर भरतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, चुलीत नैवेद्याची आगारी टाकतात. मी नितीनची घागर भरायची, ती जवळ बसायची. सकाळी घागरीपाशी रडायची, दुपारी पोरी तिला ओढून झोक्यावर बसवायच्या. एकाच दिवसात, एकाच घरात. दुसऱ्या वर्षी ती परत गेली आणि म्हणे महिनाभर आजारी होती. तिकडून फोनवर आवाज यायचा तो पाटाच्या काठावरचा.

यंदा होळीनंतर तिचा फोन आला. खूप आढेवेढे घेतले. तिच्याबरोबर काम करणारा कुणी आहे, चांगला आहे, ढोरं त्याचीही आहेत. लग्न करायचं म्हणतात. "तुम्ही हो म्हणाल तरच, माय."

मी हो म्हटलं. लगेच म्हटलं, तिला वाट बघावी लागू नये म्हणून.

"मग आखाजीला दोघं येतो," ती म्हणाली. "तुम्हाला भेटल्याशिवाय मला हे खरं वाटणार नाही."

माझ्या वर्षाला एकच दिवस होता, तो तिच्या येण्याचा. झोक्याचा दोर मी संक्रांतीलाच उन्हात टाकून ठेवला होता. मी म्हटलं, "यंदा येऊ नको, पोरी. पुढल्या वर्षीही नको. घागरीपुढे बसशील आणि तुझं पुन्हा सगळं उघडेल. नव्या माणसाला बरोबर घेऊन तू जुन्याची घागर बघायची नाही."

तिकडून मग बारीक आवाजात, "तुम्ही मला तोडताय, माय?"

"तोडत नाही गं. कापायचं तेवढं नशिबानं कापून झालंय. आता विळी मिटते. कुणीतरी मिटावी लागते, तूच सांगितलंस ना?"

फोन ठेवला आणि उन्हातला दोर गुंडाळून मी आत ठेवून दिला.

आखाजीला मी घागर भरली, डांगर ठेवलं, आगारी टाकली. झोका बांधला नाही. शेजारच्या अंगणात पोरींची गाणी चालली होती, तेवढ्यात अक्का सांजोऱ्या घेऊन आल्या आणि निंबाकडे बघून काही न विचारता बसून राहिल्या. दुपारी फोन वाजला.

"माय, जेवल्या का?"

"जेवले. तू?"

"आत्ताच आले. ढोरांना चारा घालून आले."

"बरं केलंस," मी म्हटलं. "उपाशी ठेवू नये."